कस्तुरीच्या डोक्यातले दोन मिलीअँपिअर

आपल्या डोक्यातून वीज सोडून घ्यायची, हा निर्णय कस्तुरीने दातांच्या दवाखान्यात घेतला. मोठे निर्णय माणूस कुठे बसून घेईल याला काही धरबंध नसतो. समोरच्या भिंतीवर ब्रश हातात घेऊन नाचणाऱ्या एका अतिआनंदी दाढेचं चित्र होतं, आणि त्याच्या शेजारी एका विद्यापीठाचं पत्रक. स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी स्वयंसेवक हवेत. वय पस्तीस ते साठ, उजव्या हाताचे. शस्त्रक्रिया नाही, सुई नाही, वेदना नाही. पत्रकाच्या खाली फोन नंबरच्या कातरलेल्या चिठ्ठ्या लोंबत होत्या आणि त्यांतली एकही अजून कुणी फाडली नव्हती. कस्तुरीने एक फाडली, पर्समध्ये टाकली आणि आलोच आहोत तर म्हणून दाढही दाखवून घेतली.

का, ते तिने घरी सांगितलं नाही, बाहेर तर नाहीच. इथे सांगायला हरकत नाही. आठ महिन्यांपूर्वी एका गुरुवारी तिने मिरजेला आईला फोन केला होता. फोनमधल्या त्या नोंदीचा फोटो तिने काढून ठेवलाय: आई, संध्याकाळचे पाच दहा, चार मिनिटं बारा सेकंद. दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. आणि त्या चार मिनिटं बारा सेकंदांतला एक शब्दही कस्तुरीला आठवत नव्हता. ती तेव्हा इथे बहरीनमध्ये, मनामाच्या जुन्या बाजारात गाडीला जागा शोधत होती. एक पांढरी प्राडो तिच्या आधी जागेत घुसली, हे आठवत होतं. प्राडोवाल्याच्या काचेमागे टिश्यूचा सोनेरी डबा होता, तो आठवत होता. नंबरप्लेटचे शेवटचे तीन आकडेसुद्धा आठवत होते. आई काय म्हणाली, तेवढं मात्र नाही.

कस्तुरी शाळेत ग्रंथपाल आहे. तिच्या धंद्यात हरवणं हा प्रकार नसतो. पुस्तक चुकीच्या फळीवर गेलेलं असतं एवढंच, आणि चिकाटीने शोधलं की भूगोलाच्या मागून पाककृती निघतात. आईचे शब्दही असेच कुठल्या तरी मागच्या फळीवर पडले असणार, याबद्दल तिला शंका नव्हती. फक्त फळी फार आत होती.

ती किती आत, हे मुनीराने समजावून सांगितलं. मुनीरा ही त्या अभ्यासाची समन्वयक, तिशीतली बहरीनी मुलगी, बोलणं इतकं मऊ की नकारसुद्धा आमंत्रणासारखा वाटावा. आठवणी जुळवून ठेवणारा भाग मेंदूत खूप खोल असतो, ती म्हणाली. बाहेरून साधी वीज दिली तर ती वरच्यावर पसरते, आणि खोल जायचं तर कवटीला भोक पाडून तार घालावी लागते. इथे भोक नाही. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी दोन प्रवाह सोडायचे, एक सेकंदाला दोन हजार वेळा हेलकावणारा, दुसरा दोन हजार पाच वेळा. इतक्या घाईची मेंदूतल्या पेशी दखलच घेत नाहीत. पण ते दोघं खोलवर जिथे एकमेकांत मिसळतात, तिथे त्यांच्यातल्या फरकाचा, सेकंदाला पाचाचा, संथ ठोका तयार होतो. तो त्या पेशींपर्यंत पोचतो, असा अंदाज आहे.

कस्तुरीला हे लगेच पटलं. तंबोऱ्याच्या दोन तारा अगदी केसभर चुकल्या की मधूनच एक तिसराच हेलकावा ऐकू येतो. तो कुठल्याच तारेचा नसतो.

मयुरेशला मात्र पटलं नाही. कस्तुरीचा नवरा मयुरेश अस्करच्या अ‍ॅल्युमिनियम स्मेल्टरमध्ये इलेक्ट्रिकल इंजिनियर आहे. त्याच्या कारखान्यात भट्ट्यांच्या रांगांमधून लाखो अँपिअर वाहतात आणि तो त्यांच्या शेजारी उभा राहून चीज सँडविच खातो.

"किती करंट?" त्याने विचारलं.

"दोन मिलीअँपिअर."

मयुरेशचा चेहरा पांढरा पडला. "डोक्यातून?"

"तू लाखांत असतोस की."

"माझ्या डोक्यातून जात नाही तो! अर्थिंग कुठे आहे?"

त्याने मुनीराला सतरा प्रश्नांची ईमेल पाठवली. मुनीराने सगळ्यांना मिळून एकच उत्तर दिलं: सर, ते बॅटरीवर चालतं. यावर मयुरेशने बॅटरीची कंपनी विचारली. आणि संमतीपत्रातलं सहावं कलम वाचल्यावर तर तो खुर्चीतून उठलाच. निम्म्या लोकांना खरा करंट देणार, निम्म्यांना नुसत्या तारा लावणार, आणि कुणाला काय ते कुणालाच सांगणार नाहीत. "म्हणजे वायर जिवंत आहे की मेलेली, हे ठाऊक नाही? आमच्याकडे असं कुणी म्हणालं तर त्याला गेटबाहेर काढतात."

"ममा, धिस इज सो रँडम," त्यांची मुलगी आर्या फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली. "व्हाय आर यू इव्हन डुइंग इट?"

"विज्ञानासाठी," कस्तुरी म्हणाली.

तिचं हे उत्तर शेवटपर्यंत हेच राहिलं. चांगलं, स्वच्छ, प्रतिष्ठित उत्तर होतं. त्याच्यापुढे कुणी प्रश्न विचारत नाही, हा त्याचा मोठा गुण.

मग कागद सुरू झाले. पहिला कागद उजव्या हाताचा. काडी कोणत्या हाताने ओढता, चमचा कोणत्या हाताने धरता, लांब दांड्याचा झाडू मारताना वरचा हात कोणता? कस्तुरीने प्रामाणिकपणे स्वयंपाकघरात जाऊन झाडू मारून पाहिला. वरचा हात डावा निघाला. तिने पुन्हा मारून पाहिला. पुन्हा डावाच. पंचेचाळीस वर्षं आपण कोण आहोत हे माहीत असल्याच्या भरवशावर जगलेल्या बाईला हा धक्का लहान नव्हता. अखेर सहा विरुद्ध एक अशा मताधिक्याने तिला उजव्या हाताची मानण्यात आलं.

दुसरा कागद पत्त्याचा. रेसिडेंट कार्डावर पत्ता सनद नावाच्या जुन्या वस्तीचा होता, आणि सनद सोडून माहूजला येऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. विमा उतरवायचा म्हणजे कार्डावरचा पत्ता आणि राहता पत्ता एक हवा. पत्ता बदलायचा तर विजेचं बिल हवं, बिल मयुरेशच्या नावावर, आणि मयुरेशच्या कार्डावरही सनदच. आधी मयुरेशने सनद सोडायचं आणि मग त्याच्यामागून कस्तुरीने, असा क्रम होता. त्यासाठी घरमालकाची सही लागत होती आणि घरमालक मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला गेले होते. सरकारी कचेरीच्या खिडकीतल्या माणसाने दोन्ही हात आकाशाकडे केले. "आले की इंशाल्ला." कस्तुरी नंबरची चिठ्ठी मुठीत धरून बाहेर आली. एका बाईला फक्त चार मिनिटं हवी होती, आणि त्यांच्यासाठी तिचे पाच आठवडे गेले.

या पाच आठवड्यांत बातमी महाराष्ट्र मंडळात पोचली. कशी पोचली हे विचारण्यात अर्थ नाही; मयुरेशने फक्त एकालाच, आणि तेही तांत्रिक बाजू म्हणून, सांगितलं होतं. मंडळाच्या चिटणीस हेमाताईंचा फोन आला.

"कस्तुरी, तू काही बोलू नकोस. मला सगळं कळलंय."

"काय कळलं, हेमाताई?"

"अगं, लपवायचं काय त्यात? माझ्या धाकट्या जावेलाही दिले होते. सहा शॉक. आता इतकी छान आहे! भरतकाम करते."

"हेमाताई, हा अभ्यास आहे. विज्ञानासाठी."

"हो गं, आम्हीही सगळ्यांना असंच सांगायचो."

पाडव्याच्या कार्यक्रमाचं निवेदन गेली सहा वर्षं कस्तुरीकडे होतं. या वर्षी ते दुसरीकडे गेलं. तिला पहिल्या रांगेत, पंख्याखालची खुर्ची देण्यात आली. लोक येऊन तिच्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलत होते. एकाने तिला स्वतःचं नाव सांगितलं. तो चौदा वर्षं तिला ओळखत होता. घरी येऊन कस्तुरीने फ्रीज उघडला तर आत चार वेगवेगळ्या घरांतून आलेले आमटीचे चार डबे होते. आई गेली तेव्हा यांतला एकही आला नव्हता. तेव्हा कस्तुरीने सगळ्यांना सांगितलं होतं की ती ठीक आहे, आणि लोकांनी ते खरं मानलं होतं.

एकटी टेरेसा डबा घेऊन आली नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये नवरा ऑगस्टीनबरोबर राहणारी टेरेसा वसईची. एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीची प्रमुख. दिवसाला दोन हजार चादरींवर हुकूम चालवायची सवय असल्यामुळे ती दार वाजवत नाही, नुसती आत येते. प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी ती आली तेव्हा तिच्या हातात हिरवट तेलाची बाटली होती.

"खाली बस."

"कशाला?"

"उद्या करंट सोडणार ना? करंट म्हणजे गरम. डोकं थंड नको? माझ्या सासूने उकळून पाठवलंय. जास्वंद आहे, माका आहे, आणि एक वस्तू आहे ती म्हातारी मरेपर्यंत सांगणार नाही. बस, बाय."

सूचनापत्राच्या चौथ्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की केस धुतलेले, कोरडे आणि तेलविरहित असावेत. कस्तुरीने ते वाचलेलं होतं. ती औषधाच्या पट्टीमागचा मजकूरसुद्धा पूर्ण वाचणारी बाई. नको म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात टेरेसाची चादरी पिळून कणखर झालेली बोटं तिच्या टाळूवर आली. आई गेल्यापासून तिच्या डोक्याला कुणी हात लावला नव्हता. ती फरशीवर तशीच बसून राहिली. चौथं पान तिला पूर्ण पाठ होतं, आणि अर्धा तास ती एक अक्षर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पडद्यावर तिच्या डोक्याचं चित्र आलं. त्वचेशी नीट संपर्क झाला की ठिपके हिरवे व्हायचे असतात. सगळे लालभडक होते. मुनीराने जेल लावलं, पट्टी घट्ट केली. लालच.

"मॅडम, केसांना काही लावलंय का?"

"थोडं तेल."

मुनीराने एक बट बोटांत धरली, वास घेतला. "थोडं?"

मग परीक्षानळ्या धुवायच्या बेसिनमध्ये डोकं घालून कस्तुरीला बेबी शाम्पूने तीनदा धुण्यात आलं. तेल हललं नाही. वसईच्या त्या सासूने काय घातलं होतं कोण जाणे, पण विद्यापीठाचं सगळं विज्ञान त्याच्यापुढे थिटं पडलं. एक इलेक्ट्रोड हळूहळू घसरत भुवईवर येऊन थांबला. शेजारच्या खोलीतून अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर महमुदा आल्या, त्यांनी हवेत वास घेतला आणि खिडकी उघडली.

"खलास," मुनीरा म्हणाली. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. केस पुसत, मानेवरून पाण्याचे ओघळ सांभाळत कस्तुरी शक्य तेवढ्या ताठ मानेने दारापर्यंत पोचली, तेव्हा मुनीरा मागून आली आणि आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "मॅडम, ते तेल कुठे मिळतं? माझे केस फार गळतात."

तीन आठवड्यांनंतर ठिपके हिरवे झाले. कपाळाच्या बाजूंना बारीक मुंग्या आल्या आणि विरल्या. पडद्यावर अनोळखी चेहरे यायला लागले, प्रत्येकाखाली एक नाव. नावं लक्षात ठेवायची. कस्तुरीने तो भाग कर्तव्य म्हणून केला आणि मधल्या विश्रांतीत डोळे मिटून आपलं खरं काम सुरू केलं. गुरुवार. पाच दहा. बाजाराची ती अरुंद गल्ली, शिंप्याच्या दुकानाबाहेर टांगलेले पडदे. प्राडो आली. सोनेरी डबा आला. मग आई आली, पण त्या गुरुवारची नाही. परकराला नाडी ओवताना दातांत सेफ्टी पिन धरलेली आई. वर्तमानपत्रातलं कोडं सोडवून झाल्यावर उरलेले दोन चौकोन स्वतःच्या मनाने भरून टाकणारी आई. विमानतळाच्या काचेपलीकडे, कस्तुरी दिसेनाशी झाल्यावरही चुकीच्या दिशेला हात हलवत राहिलेली आई. भराभर येत होत्या सगळ्या, आणि एकही बोलत नव्हती.

अशी पाच सत्रं झाली. शेवटच्या सत्रानंतर डॉक्टर महमुदांनी आभार मानले आणि काही विचारायचंय का, म्हणाल्या.

"माझी एक मैत्रीण आहे," कस्तुरी इंग्रजीत म्हणाली. "तिला एक फोन आठवत नाही. तिचं लक्ष तेव्हा दुसरीकडे होतं. यातून तो परत येऊ शकेल का?"

डॉक्टर महमुदांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "इथे आम्ही नवं लक्षात राहतं का, ते बघतोय. तेही किती आणि कसं, अजून ठाऊक नाही. आणि लक्ष नसताना जे घडतं ते बहुतेक आत जातच नाही. जे आत गेलं नाही ते कुठलीही वीज बाहेर काढू शकत नाही." मग त्या उठल्या, दारापर्यंत आल्या. "मैत्रिणीला सांगा, मला वाईट वाटलं."

म्हणजे पुस्तक चुकीच्या फळीवर नव्हतंच. ते ग्रंथालयात आलंच नव्हतं. विज्ञानाला केलेल्या सहकार्याबद्दल कस्तुरीला मेंदूचं चित्र छापलेली एक कापडी पिशवी मिळाली.

सत्रानंतर दोन तास गाडी चालवायची नाही, असा नियम होता. मयुरेश शिफ्टवर होता, म्हणून न्यायला टेरेसा आली. माहूजला पोचेपर्यंत ती लाँड्रीतल्या एका हरवलेल्या उशीच्या अभ्र्याबद्दल बोलत होती. बिल्डिंगखाली जागा नव्हती. गुरुवारी, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, माहूजमध्ये जागा कधीच नसते. टेरेसाने ब्लॉकला पहिली फेरी मारली.

"झालं ना विज्ञानाचं काम? किती वाढली अक्कल?"

कस्तुरीने पिशवीचे बंद तीनदा बोटाला गुंडाळले, तीनदा सोडले. मग समोर बघत, हवामान सांगावं तशा आवाजात, तिने सगळं सांगितलं. फोन, चार मिनिटं बारा सेकंद, बाजार, प्राडो.

टेरेसाने भर रस्त्यात ब्रेक मारला. मागून हॉर्न वाजला.

"एवढ्यासाठी तू डोक्याला वायरी लावून घेतल्यास? मला विचारायचं ना!"

"तुला काय विचारायचं?"

"अगं, मी होते ना गाडीत! मागच्या सीटवर. पुढे तुझ्या शाळेची पुस्तकं होती. माझे पडदे टाकायचे होते शिंप्याकडे. फोन गाडीच्या स्पीकरवर होता. सगळं ऐकलं मी."

कस्तुरीने तिच्याकडे पाहिलं. आपण एवढं शोधलं, आणि मागच्या सीटवर कोण होतं हेच आठवलं नाही. "तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस? तू नुसती विज्ञान, विज्ञान. मला वाटलं, ग्रंथपाल बाई आहे, असेल विज्ञान." मागचा हॉर्न पुन्हा वाजला. "यल्ला, यल्ला, जाते बाबा!" टेरेसाने गाडी सोडली.

"काय म्हणाली ती?" कस्तुरीने विचारलं.

"काही नाही म्हणाली."

"म्हणजे?"

"म्हणजे काही बोलायला तिला मिळालंच नाही. ती म्हणाली, 'हं, बोल गं.' तू म्हणालीस, 'आई, ठेवू नकोस हं, एवढी गाडी लावते.' मग ती प्राडो आली. तू त्याला काचेतून 'मेल्या' म्हणालीस. आई हसली तिकडे. म्हणाली, 'हळू.' मग ती नुसती थांबली."

"चार मिनिटं?"

"चार असतील, नाहीतर पाच. तू गोल गोल फिरत होतीस. तिकडे भांडी वाजत होती. मग कोणतरी बाई आली, म्हणाली, 'वहिनी, भाकऱ्या झाल्या, मी निघू का?'"

"रखमा," कस्तुरी म्हणाली. रखमा आईकडे स्वयंपाकाला यायची. मिरजेचं घड्याळ अडीच तास पुढे; तिथे तेव्हा साडेसात वाजून गेले असणार.

"हां, रखमा. तुझी आई तिला म्हणाली, 'थांब गं जरा, कस्तुरी गाडी लावतेय.' मग ती पण थांबली. थोड्या वेळाने ती विचारते, 'लागली का?' आई म्हणते, 'अजून नाही.' मला मागे बसून इतकं हसू येत होतं! दोघी बायका तिकडे मिरजेला थांबल्यात, हिची इथे गाडी लागत नाही म्हणून. मग तुला ती जागा मिळाली ना, नळाजवळची, तू म्हणालीस, 'आई, लागली! चल, रात्री करते.' आई म्हणाली, 'बरं.' आणि फोन कट व्हायच्या आधी त्या बाईला म्हणाली, 'लागली गं.'"

गाडी कोपऱ्यावरून वळली.

"रात्री केला नाही मी," कस्तुरी म्हणाली.

"नाही केलास," टेरेसा म्हणाली. ती खोटं बोलणारी बाई नाही. "आमच्याकडे जेवायला होतीस. ऑगस्टीनने सुरमई आणली होती."

दुसरी फेरी पुरी झाली, आणि बिल्डिंगच्या दारासमोरून एक गाडी चक्क बाहेर पडली. अख्खी जागा, सावलीतली, दाराला लागून. महिन्यातून एकदा अशी मिळते. टेरेसाने घाईघाईने इंडिकेटर लावला.

"नको," कस्तुरी म्हणाली.

"काय नको? वेडी झालीस? जाईल ती!"

"जाऊ दे." कस्तुरीने पिशवी मांडीवर सरळ केली आणि मान मागे टेकवली. "अजून एक फेरी मार. आणि रखमा आली तिथून सांग."